वरच्या आळीतली सात घरं

माझी बायको गेली त्याला आज पाच आठवडे झाले. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो, आठ पावलांवर होतो. दुपारची वेळ. ती ओसरीत खाटेवर पडलेली, मी खाली घोंगडीवर बसून गुडघ्यावर कागद घेऊन लिहीत होतो. ती सांगे, मी लिही. एकतिसावं घर पुरं झालं तेव्हा तिला धाप लागली होती, पण मी थांब म्हटलं असतं तर ती थांबली नसती, म्हणून म्हटलं नाही. "झालं का लिहून?" तिने विचारलं. "झालं," मी म्हणालो. "आता वरची आळी. सातच घरं राह्यली. जरा पाणी द्या, मग सांगते." मी उठलो, माठातून तांब्या भरला, वळलो... तेवढ्यात ती गेली. तोंडावर त्रास नव्हता. पुढचं वाक्य जुळवताना माणूस जसा डोळे मिटतो तसे डोळे मिटलेले होते. मी तांब्या घेऊन बराच वेळ उभा होतो. सात घरं राहिली, एवढंच डोक्यात आलं. बायको गेली हे नंतर कळलं. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

ही घरं आमच्या गावातली नव्हेत. आमचं गाव साक्रीच्या वर, डोंगराच्या कुशीत. ती घरं आहेत ग्रीस नावाच्या मुलखातल्या एका डोंगरी गावातली. ते गाव मी पाहिलं, पहिल्या लढाईत. माझ्या बायकोने कधी पाहिलं नाही. तिने माहेरचं जामनेर, सासरचं आमचं गाव आणि मधला रस्ता, एवढीच दुनिया पाहिली. तरी त्या गावाची अडतीस घरं, झरा, पूल, देऊळ, चक्की तिला तोंडपाठ, आणि मला नाहीत. आता ती यादी पुरी करून पाठवायची माझ्यावर आली आहे. तिकडे माणसं तिची वाट बघत आहेत. का, ते पुढे सांगतो.

मी तिसरीतून उठलेला माणूस. आमच्या शाळेच्या मास्तरांनी ऱ्हस्वदीर्घ नीट केलं आहे. बाकी शब्द माझे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी चालेल.

तिचं नाव तापी. चाळीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नाही. लग्न झालं तेव्हा मी अठरा वर्षांचा, ती अकराची. ती सपाटीवरची पोर. काळी जमीन, नजर पोहोचेल तिथवर कपाशी. आमच्याकडे आली आणि पहिले आठ दिवस मान वर करून डोंगरच बघत राहिली. माझ्या आईला वाटलं पोर खुळी आहे. तिची बोली वेगळी, आमची अहिराणी वेगळी. ती काही बोलली की आई म्हणायची, "हाई काय बोलस? कोन्ही समजाडा माले." मग तापी तेच वाक्य हळू आणि मोठ्याने म्हणायची, बहिऱ्याला सांगावं तसं. आईला त्याचा आणखी राग. पण पोरगी चिवट. वर्षभरात आमची बोली शिकली आणि आईलाच म्हणाली, "तुमी माझं बोलणं शिकल्या का? नाही ना. मग खुळं कोण?" पहिल्या दिवसापासून तिचा एकच सवाल होता. खाली एवढी चांगली जमीन सोडून माणसं डोंगरात चढून का राहतात? मी म्हणायचो, बाप राहिला म्हणून. ती म्हणायची, आणि बाप का राहिला?

आमच्याकडे दोन तट्टू होते. नागली, डिंक, मोहाची फुलं पाठीवर टाकून मी साक्रीच्या बाजाराला न्यायचो. ओझ्याच्या जनावराशी कसं वागायचं ते मला कळे, माणसांशी कसं वागायचं ते तेवढं कळलं नाही. लढाई सुरू झाली तेव्हा धुळ्याला भरती करणाऱ्या साहेबाने मला एका बिथरलेल्या खच्चराजवळ उभं केलं. मी त्याच्या कानात फुंकलं, ते गप्प झालं. साहेब म्हणाला, घ्या याला. असा मी गेलो. मुंबईहून बोट, मग दिवस मोजायचं सोडून दिलं इतकं पाणी, मग सलोनिका नावाचं बंदर. तिथून वर डोंगरात तोफांचं सामान पोहोचवायचं आमचं काम. खालच्या दरीत इतका हिवताप की गोळीपेक्षा त्यानेच जास्त माणसं आडवी केली. म्हणून आमची खच्चरं वर एका गावाजवळ नेऊन बांधली. एक हिवाळा आणि एक उन्हाळा मी तिथे काढला. त्या गावाचं नाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. आमच्या घरात त्याला 'तिकडलं गाव' म्हणत.

पहिल्याच दिवशी तिथे माझी फजिती झाली. झऱ्याजवळ एक म्हातारी बसली होती. मी ओंजळ करून विचारलं, पाणी मिळेल का? ती म्हणाली, "ने, ने." माझ्या कानाला ते 'नै' वाटलं, आमच्याकडे 'नै' म्हणजे नाही. मी म्हटलं, बरं, परक्या माणसाला पाणी देत नाहीत, आपल्याकडेही असले लोक आहेत. आणि तहानलेला परत निघालो. ती मागून ओरडते, "ने! ने!" मला वाटलं हाकलते आहे, मी आणखी पाय उचलले. शेवटी म्हातारी मडकं घेऊन उतारावर माझ्या मागे धावत आली आणि मडकं माझ्या छातीवर आपटलं. नंतर कळलं, त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे हो. आणि नाही म्हणायला ते मान वर टाकतात, आपण लांबच्या माणसाला 'काय रे?' विचारतो तशी. पाण्याला ते 'नेरो' म्हणतात. भजनातलं नीर ते तिकडे नेरो झालं आहे की काय, मला ठाऊक नाही, शिकलेल्या लोकांनी बघावं.

ही गोष्ट मी परत आल्यावर सांगितली तेव्हा तापी इतकी हसली की पिठाची परात उलटली. मग गंभीर होऊन म्हणाली, "ती बाई म्हातारी, उतारावर धावली. तुमी तिला काय दिलं?"

"मी काय देणार? पाणी प्यालो."

"म्हंजे रिकाम्या हाताने आले."

हा ठपका तिने मला सव्वीस वर्षं दिला. कोणाशी भांडण झालं, बाजारातून काही आणायचं राहिलं, की तिचं सुरू, "यांचं असंच. त्या म्हातारीलाही काही दिलं नाही." शेजारच्या गेंदाबाईचा सुकलाल या दुसऱ्या लढाईत पलटणीत गेला तेव्हा तापीने त्याच्या हातात शेरभर लाल मिरची बांधून दिली. म्हणे, त्या मुलखात गेलास तर त्या म्हातारीला दे, आणि म्हणावं उशीर झाला. मी म्हटलं, अगं, ती म्हातारी कधीच मेली असेल, आणि तिकडचे लोक तिखट खात नाहीत. ती म्हणाली, "मग तिच्या सुनेला द्या. शिकंल खायला." सुकलालने मिरची बोटीवरच संपवली असणार. मी त्याला विचारलं नाही.

गावाची माहिती मला एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितली. जवानीत तो आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा, तीनदा मुंबईच्या गोदीत येऊन गेलेला. पानी, जल्दी, कितना, बस, साला, असे पंचवीस-तीस शब्द त्याला येत. तेवढ्यावर आणि काठीने जमिनीवर रेघा ओढून त्याने मला गावाची सगळी हकीकत सांगितली. गाव पूर्वी खाली नदीकाठी होतं. तिथून फौजांचा रस्ता जाई. कोणाची का फौज असेना, आली की धान्य न्यायची, जनावरं न्यायची, जवान पोरं न्यायची. शेवटी चार भाऊ आणि त्यांची एक विधवा बहीण शेळ्या घेऊन वर चढले. वर पाणी मिळेना. भाऊ म्हणाले, परत जाऊ. बहीण म्हणाली, थांबा, ती एक शेळी बघा, तिची दाढी ओली आहे. शेळीच्या मागे जाऊन तिने झरा शोधला. म्हणून झऱ्याजवळचं पहिलं घर बहिणीचं. तिच्या नंतर त्या घरात कायम बायकांचाच हक्क, पोरीला मिळतं, पोराला नाही. मग खाली ताप वाढला तशी आणखी माणसं वर आली, आणि अडतीस घरं झाली. खलाशाने धुराडी मोजून दाखवली होती, अडतीस. हा आकडा मला पक्का आठवतो.

हे मी तापीला एका संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेण सारवता सारवता म्हणाली, "म्हंजे माणसं डोंगरात हौसेने चढत नाहीत." मी म्हटलं, नाही. "मग तुमचा आजा कोणापासून पळाला होता?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, "विचारायचं होतं. परमुलखातल्या खलाशाला विचारलं, आज्याला नाही विचारलं." तिचं असं. बोललेलं लागायचं, पण हात सारवत राहायचा, त्यामुळे भांडताही येत नसे.

तेव्हापासून ते गाव आमच्या घरात राहायला आलं म्हणा. ती एकेक विचारी. घरं कशाची? दगडाची, वर पातळ दगडांच्या लाद्या. जनावरं कुठं? खालच्या मजल्यावर, माणसं वर, म्हणजे थंडीत जनावरांची ऊब वर येते. दळण? ओढ्यावर चक्की, पाणी चाक फिरवतं. हे ऐकून ती जात्याजवळ थांबली. "पाणी दळतं? बाई काय करते मग?" मी म्हटलं, बाई आठवड्यातून एकदा भाकरी भाजते. त्यांची मोठी भट्टी असते, सगळ्या आळीच्या भाकरी एकदम भाजतात, आणि आठ दिवस त्याच खातात. तिला हे अजिबात पटलं नाही. आठ दिवसांची शिळी भाकरी! तिने दोन दिवस विचार केला आणि मग निकाल दिला, "दळायला लागत नाही म्हणून आळशी झाल्या." पण मनात कुठेतरी हेवा होता. मी ओळखायचो. पावसाळ्यात ओढा भरून वाहू लागला की ती दारात उभी राहून म्हणायची, "बघा, एवढं पाणी फुकट चाललं. तिकडे असतं तर दळण झालं असतं."

पुलाची तिला विशेष आवड होती. दगडाची एक कमान, मध्ये इतकी अरुंद की ओझ्याची दोन खच्चरं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. खच्चर मागे सरत नाही, हे तिला आमच्या तट्टूंमुळे माहीत. म्हणून तिचा सवाल, "मग कोण सरायचं?" मी म्हटलं, ज्याचा धनी जास्त शहाणा तो. "म्हंजे तुमी कधी सरला नाही." आळीतल्या बायका शेंगा फोडायला आमच्या ओसरीत जमत तेव्हा ती त्यांना तिकडल्या गावाच्या गोष्टी सांगायची. मी शेतातून आलो की बायका डोक्यावर पदर ओढून गप्प होत. मला वाटायचं, माझा मान ठेवतात.

आता सुकलालच्या पत्राचं सांगतो. सुकलालची पलटण खरंच त्या मुलखात गेली. तापीने त्याला निघताना सगळं पाठ करून घेतलं होतं. बंदरापासून कोणत्या दिशेला, नदी कुठे ओलांडायची, कमानीचा पूल. मी हसलो होतो. पण पोरगा सामानाच्या मोटारीबरोबर त्या बाजूला गेला आणि विचारत विचारत पोहोचला. त्याचं पत्र आलं ते आधी मी मनात वाचलं. त्यात होतं की, आबा, गाव सापडलं, पण वर काही नाही. जर्मन लोकांनी जाळलं. पूल आहे, भिंती काळ्या उभ्या आहेत. माणसं खाली नदीकाठी तंबूत राहतात. जुनी बहुतेक मेली. कागदपत्रं जळाली. परत बांधायचं म्हणतात, पण कोणाचं घर कुठवर होतं यावर रोज भांडणं. त्यांचा मास्तर जुन्या लोकांना विचारून लिहून घेतो आहे. मी त्याला दुभाष्याकरवी सांगितलं की, माझ्या देशात एका बाईला तुमचं गाव घरासकट माहीत आहे. तो हसला नाही. म्हणाला, लिहून मागव. बर्फ वितळलं की जागा आखायच्या आहेत.

तापीला तेव्हाच दम लागायला लागला होता. मी ठरवलं, हिला सांगायचं नाही. मी खोटं बोलणारा माणूस नाही, लोक म्हणतात मी नको तिथे खरं बोलतो. पण त्या दिवशी पत्र समोर धरून खोटं वाचलं. "आबा, अक्का, गाव मजेत आहे. झऱ्याला पाणी आहे. झऱ्याखाली देवळात घंटा वाजते..."

"थांबा," ती म्हणाली. "देऊळ झऱ्याखाली कसं?"

"तसं लिहिलंय."

"देऊळ झऱ्याच्या वरती, अक्रोडाजवळ. झऱ्याखाली खळं. सुकलाल चुकला का तुमी चुकले?"

मी पत्र डोळ्यांजवळ नेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "वाचता तुमी नेहमी अडखळत. आज फडाफडा वाचताय. काय लिहिलंय?" मग मी खरं वाचलं, अडखळत. तिने पदराने तोंड पुसलं. "पूल हाये ना?" "आहे." "चक्की?" "लिहिलं नाही." "बहिणीचं घर?" "वर काही नाही म्हणतो." मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "मग कागद आणा. बसलेत काय?"

असं ते सुरू झालं. रोज दुपारी दोन घरं, दम असेल तर तीन. कोणाचं घर, कोणत्या घराला लागून, दार कोणत्या तोंडाला, अंगणात काय. ती डोळे मिटून चालत गेल्यासारखी सांगायची. मध्येच मी अडवायचो. मी म्हणायचो, लोहाराच्या घराला पत्रा होता. ती म्हणायची, लाद्या होत्या, पत्रा त्याच्या भट्टीवर. "तिथं मी राहिलो का तू?" "राहिले तुमी. पण ध्यान कुठं होतं? खच्चराच्या खुराकडं." तिचंच खरं निघायचं, कारण मी परत आलो तेव्हा सगळं ताजं होतं आणि तेव्हा जे मी तिला सांगितलं ते तिने जसंच्या तसं ठेवलं. माझ्याकडचं झिजलं. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला फार बरे गेले. दुपारी बायको नवऱ्याला सांगते आहे आणि नवरा लिहितो आहे, आळीतली माणसं येता-जाता बघायची, मला फिकीर नव्हती. असे आम्ही एकतिसाव्या घरापर्यंत आलो.

दिवस झाले. पोरगी जामनेरकडे दिलेली, ती तेरा दिवस राहून गेली. मग मी एकटा कागद घेऊन बसलो. वरची आळी. कड्याच्या खाली, ऊन उशिरा येतं, एवढं आठवलं. घरं आठवेनात. डोळे मिटले की खच्चरं दिसायची. त्यातल्या एकेकाचा स्वभाव मी आज सांगू शकतो, कोणतं डावीकडून ओझं घेत नाही, कोणतं पाण्याला भितं. घरं मात्र नाहीत. त्यातच सुकलालचं दुसरं पत्र त्याच्या आईकडे आलं की, पलटण लवकरच परत निघणार, आबांना म्हणावं यादी असेल ती धाडा, मास्तर विचारतो. अर्धी यादी पाठवली तर वरच्या आळीच्या सात घरांवर दुसरेच लोक भिंती घालतील. तिला हे चाललं नसतं. तिकडल्या माणसांना तरी का चालावं?

गेंदाबाई शेंगांची टोपली घेऊन आली होती. मी तिच्यासमोर कागद आपटला. म्हणालो, नाही होत माझ्याने, वरची आळी बुडाली.

ती म्हणाली, "वरली आळी? पहिलं घर मधमाशा पाळस त्यानं शे ना?"

मी कागद परत उचलला. मग म्हटलं, पुढे?

"पुढे दोन भाऊ, एकच भिंत. त्या एकमेकसंगे बोलतस नही." आणि तिने हाक मारून आणखी चार बायका बोलावल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा बायकांच्यात बसून शेंगा फोडल्या. पाचही जणी एकदम बोलायच्या. एक म्हणे तिसऱ्या घराला दोन पायऱ्या, दुसरी म्हणे तीन, अक्का तीन म्हणायच्या, तुला झोप लागली होती. मी ओरडलो, एकेक बोला. त्या हसल्या. त्यांच्या तोंडून ऐकलं तसं मलाही आठवू लागलं. मधमाशांचा माणूस, हो, त्याचा एक डोळा गेलेला. भावांचं घर, हो. संध्याकाळपर्यंत यादी झाली. मी मोजली. सात हवी होती, आठ निघाली.

आठवं घर पुलाच्या पलीकडचं, एकटं. मी म्हटलं, हे नाही. पुलापलीकडे आमची खच्चरं बांधायचो, तिथे घर नव्हतं. गेंदाबाई म्हणाली, "आसं कसं? तठे ती बाई ऱ्हास. जिन्हा मानूस खच्चरं लिसन लढाईवर गया."

मी विचारलं, कोण बाई?

मग त्यांनी सांगितलं. एकीने सुरुवात केली, दुसरीने पुरं केलं. त्या बाईचा माणूस परमुलखात गेला आणि चौदा महिने त्याचा कागद आला नाही. सासू म्हणाली, मेला. काळं लुगडं आणून दिलं, नेस म्हणाली. तिकडे विधवा काळं नेसतात. ती नेसली नाही. सासूने तिच्या हातातली कांकणं फोडली, तरी नेसली नाही. लुगडं घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. रोज एक भाकरी जास्तीची करी, आणि सकाळी कुत्र्याला टाकी. कोणी हसलं तर म्हणे, शिळी झाली म्हणून टाकली, उद्या ताजी करीन.

मी म्हटलं, तिकडच्या बायका कांकणं घालत नाहीत.

एकीने शेंगांची फोलपटं पदरात गोळा केली. गेंदाबाई खाली बघून म्हणाली, "आबा, तुम्ही घरमा ऱ्हात तवय हाई गोट अक्का कधी सांगेत नही."

मी लढाईहून परत आलो तेव्हा तिचे हात मोकळे होते. मी पाहिलं होतं. आई म्हणाली, बांगड्या कामात फुटल्या. मी म्हटलं, बरं, बाजारातून नव्या भर. आणि त्याच संध्याकाळी मी ओसरीत बसून सगळ्यांना तिकडल्या गावाच्या गोष्टी सांगायला लागलो. झरा, पूल, म्हातारी... तापात पडलो होतो म्हणून कागद पाठवता आला नाही, हे आईला सांगितलं. तापीला वेगळं सांगायचं सुचलं नाही. ती इकडे कशी राहिली हे मी विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. ती मात्र त्या गावात कोणाच्या अंगणात काय लावलंय ते विचारत राहिली, आणि मी मोठ्या ऐटीने सांगत राहिलो. आईला विचारावं तर आई नाही. तापी तर पाच आठवड्यांपूर्वी पाणी मागून गेली.

दोन दिवस मी त्या कागदावर बसून होतो. यादी खोटी पाठवता येत नाही. त्यावर लोक भिंती घालणार आहेत, नसलेल्या घरापायी तिकडे भांडण व्हायचं. खलाशाने धुराडी मोजली होती ती अडतीस, आणि तापीनेही अडतीसच सांगितली असती. सात राह्यली म्हणाली, आठ नव्हे. तिला ठाऊक होतं कोणतं घर मोजायचं नाही. म्हणून मी अडतीस घरं लिहिली, खाली रेघ ओढली, आणि रेघेखाली लिहिलं: पुलाच्या पलीकडे एक घर आहे. ते तुमच्या गावात नव्हतं, तिथे आमची खच्चरं बांधत. जागा कोणाची असेल त्याला द्यावी. त्या घरात राहणारी बाई माझी बायको होती, आणि ती नांदत होती हे मला आता कळलं.

पाकीट बंद करायच्या आधी परत उघडलं. बाकीच्या सगळ्या घरांचं दार कोणत्या तोंडाला ते आम्ही लिहिलं होतं. या एकाचं राहिलं होतं. मी कुंपणाजवळ जाऊन गेंदाबाईला विचारलं, त्या घराचं दार कोणत्या बाजूला? तिने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "वाटकडे. आनि उघडं."

तेही लिहिलं.